मागच्या रांगेतल्या विद्यार्थिनी बोलत्या व्हायच्या असतील तर

पत्र

सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातील एका खासगी संस्थेच्या नर्सिंग महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापिका आहे. आमच्या आवारात वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपी अशी तीन महाविद्यालये असून तिघांचे रुग्णालय एकच आहे. गेल्या वर्षी तिन्ही महाविद्यालयांच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आरोग्यसेवेतील संघभावना’ या विषयावर सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा घेतली. एमबीबीएसचे विद्यार्थी पुढे बसले आणि हजेरी झाल्यावर त्यांतले निम्मे निघून गेले. आमच्या मुली मागच्या रांगांत बसल्या आणि दिवसभरात एकीनेही तोंड उघडले नाही. परतताना एकीने मला विचारले, “मॅडम, आम्हाला तिथे टाळ्या वाजवायला बोलावले होते का?”

त्यानंतर काही महिन्यांनी मेडिसिनच्या वॉर्डात आमच्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले, की पक्षाघाताच्या एका रुग्णाला त्याची पत्नी पाणी पाजते तेव्हा त्याला ठसका लागतो आणि नंतर त्याचा आवाज घोगरा होतो. तिने इंटर्नला सांगितले. “ते आम्ही बघू, तू बीपी घे,” असे उत्तर तिला मिळाले. दोन दिवसांनी त्या रुग्णाला न्यूमोनिया झाला. तो टळलाच असता असे मी म्हणणार नाही. मात्र ती मुलगी तेव्हापासून वॉर्डात गप्प असते.

या वर्षी संयुक्त अध्यापनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सुरुवात कुठून करावी? आमच्या मुलींना बोलते कसे करावे? वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक साथ देतील का? आणि या सगळ्याचे मूल्यमापन कसे करायचे?

— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन प्रसंग मी एकत्रच वाचले. सभागृहात गप्प बसलेल्या मुली आणि वॉर्डात गप्प केली गेलेली मुलगी यांची अडचण एकच आहे, आणि ती त्यांच्या आत्मविश्वासाच्या अभावापेक्षा त्यांना दिलेल्या जागेतून आलेली आहे. या वर्षीची आखणी करताना हे ध्यानात ठेवलेत तर पुष्कळ निर्णय आपोआप सोपे होतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, आणि त्यातून त्यांचे सहकार्य परिणामकारक होऊन आरोग्याचे परिणाम सुधारतात, तेव्हा त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणावे. सभागृहातील व्याख्यानात फार तर ‘एकमेकांविषयी’ एवढा भाग साधतो. ‘एकमेकांकडून’ शिकण्यासाठी नर्सिंगच्या विद्यार्थिनीला असे काही ठाऊक असावे लागते जे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला ठाऊक नाही, आणि ते त्याला त्याच क्षणी गरजेचे असावे लागते. शेकडो विद्यार्थी एकाच दिशेला तोंड करून बसलेले असताना असा क्षण येत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली परस्परांविषयी पूर्वग्रह असणाऱ्या गटांच्या संपर्काबद्दल जे मांडले, ते तुमच्या कार्यशाळेला नेमके लागू पडते. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या भेटीपुरता तरी दोन्ही गटांचा दर्जा समान असावा लागतो, दोघांपुढे एकच उद्दिष्ट असावे लागते, ते गाठण्यासाठी दोघांना एकमेकांची गरज भासावी लागते, आणि ज्यांचा अधिकार दोघेही मानतात त्यांचा या भेटीला उघड पाठिंबा असावा लागतो. गेल्या वर्षीच्या दिवसात यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टी नव्हत्या, आणि निम्मे विद्यार्थी निघून गेल्यावरही कोणी काही बोलले नसेल तर चौथीही नव्हती. त्यामुळे पुढे बसलेल्यांचा पुढे बसण्याचा आणि मागे बसलेल्यांचा मागे बसण्याचा सराव मात्र पक्का झाला. अशी कार्यशाळा या वर्षी पुन्हा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी वॉर्डात जा. अगदी लहान गट घ्या आणि त्या गटाला एक रुग्ण द्या. तुमच्या पत्रातच पक्षाघाताचा रुग्ण आला आहे, आणि उपक्रमाच्या पहिल्या वर्षासाठी याहून योग्य आजार मला सुचत नाही. पक्षाघाताच्या रुग्णांना स्वतंत्र कक्षात ठेवून डॉक्टर, परिचारिका आणि विविध उपचारतज्ज्ञांनी एकत्रित शुश्रूषा केली, तर मृत्यूही कमी होतात आणि परावलंबनही कमी होते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. म्हणजे इथे संघाने काम करणे हा शिष्टाचाराचा भाग नसून उपचाराचाच भाग आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला हे एकदा पटले की त्याचा पुढचा प्रतिकार बराच मावळतो.

गट सहा जणांचा ठेवा, प्रत्येक शाखेचे दोघे. रुग्णाची आणि नातेवाइकांची परवानगी घेऊन तिन्ही जोड्यांना आळीपाळीने रुग्णाकडे पाठवा, पण आपापसांत बोलू देऊ नका. प्रत्येक जोडीने एकाच प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून आणायचे: या माणसाला पुढच्या चोवीस तासांत सर्वांत मोठा धोका कशाचा आहे, आणि तो टाळण्यासाठी कोणी काय करायला हवे? आधी लिहून आणण्याचा आग्रह सोडू नका. चर्चा थेट सुरू झाली तर ज्याला आधी बोलायची सवय आहे त्याचेच उत्तर सर्वांचे उत्तर होते. सहाही जणांच्या हातात आपापला कागद असला की मागची रांग उरत नाही.

ते कागद वाचायला लागल्यावर जे घडते त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. एमबीबीएसच्या जोडीने बहुधा रक्तदाब, साखर, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि सीटी स्कॅन यांविषयी लिहिलेले असेल. फिजिओथेरपीच्या जोडीने पाहिलेले असेल, की लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा सांध्यातून खाली ओघळला आहे आणि रुग्णाला उठवून बसवताना नातेवाईक नेमका तोच हात ओढत आहेत. पुढे महिनोन्महिने दुखणाऱ्या खांद्याची सुरुवात अशीच होते. नर्सिंगच्या जोडीने माकडहाडावरची लाल झालेली त्वचा, लघवीच्या नळीची अवस्था आणि पाणी पिताना लागणारा ठसका टिपलेला असेल. तिन्ही कागद बरोबर आहेत, आणि तिन्हींपैकी कोणताही एकटा पुरेसा नाही. हे तुम्ही त्यांना सांगू नका. कागद शेजारी शेजारी ठेवा आणि आता सहा जणांनी मिळून एकच शुश्रूषा-आराखडा लिहावा, असे सांगून थोडा वेळ बाजूला व्हा.

या टप्प्यावर एक प्रश्न मुद्दाम विचारा. गिळता येत नाही म्हणून रुग्णाला राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी, घातली, तर केस पेपरवर लिहिलेल्या गोळ्या त्याला कशा द्यायच्या? नर्सिंगची विद्यार्थिनी सांगेल की कुटून, पाण्यात मिसळून नळीतून देतो. तेव्हा औषधनिर्मात्याला बोलवा. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली रक्तदाबाची गोळी कुटली की तिची दिवसभराची मात्रा एकदम शरीरात उतरते, आणि आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून आवरण दिलेल्या गोळीचे आवरणच कुटल्याने नष्ट होते, हे तो समजावून देईल. गोळी लिहिणाऱ्याला नळीचे ठाऊक नसते, कुटणारीला गोळीच्या रचनेचे ठाऊक नसते आणि ज्याला दोन्ही ठाऊक आहे तो तळमजल्यावर खिडकीमागे बसलेला असतो. आपल्या रुग्णालयांतील किती चुका कोणाच्याही अज्ञानामुळे नव्हे, तर अशा अंतरांमुळे होतात, हे या एका गोळीवरून विद्यार्थ्यांना जितके कळेल तितके कुठल्याही व्याख्यानातून कळणार नाही. औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय तुमच्या आवारात नाही, म्हणून ही शाखा वगळू नका. रुग्णालयातील औषधनिर्माता पुरेसा आहे.

मग रुग्णाच्या पत्नीला बोलू द्या. घरी त्याला उचलणारे कोण आहे, शौचालय घरात आहे की अंगणापलीकडे, शेतीचे काय होणार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे झाली का, अपंगत्वाचे प्रमाणपत्र कधी आणि कुठून मिळते, हे प्रश्न तिच्याकडून यावेत. त्यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे सहाही विद्यार्थ्यांकडे नसतील. तेव्हा वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांचे नाव निघेल, आणि रुग्णालयात अशी व्यक्ती नेमकी कुठे बसते हे बहुतेकांना त्या दिवशी प्रथम कळेल.

ही चर्चा मराठीत घ्या. हा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटू शकेल, परंतु तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मुलींना बोलते कसे करावे याचे अर्धे उत्तर माझ्या मते इथे आहे. नर्सिंगला येणाऱ्या अनेक मुली गावातल्या मराठी शाळांतून आलेल्या असतात. सभागृहातील कार्यक्रम इंग्रजीत चालतो, आणि मनात नेमके निरीक्षण तयार असूनही ते इंग्रजी वाक्यात बसवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग तिच्या शांततेचा अर्थ ‘हिला काही माहीत नाही’ असा लावला जातो. खाटेजवळ मराठीत बोलायचे ठरले की तीच मुलगी रुग्णाने सकाळपासून किती पाणी घेतले, किती वेळा ठसका लागला, रात्री तो कोणत्या कुशीवर झोपला, हे न अडखळता सांगते. शिवाय मराठीत चाललेले बोलणे रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला समजते, आणि आपल्याबद्दल काय ठरते आहे हे ऐकण्याचा त्यांना हक्कच आहे. परप्रांतातून आलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला हे कठीण जाईल. त्याला या मुलींची मदत घ्यावी लागेल, आणि ते चांगलेच आहे.

गट करताना वर्षाला वर्ष जुळवण्याच्या भरीस पडू नका. बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे वॉर्डातील काम पहिल्याच वर्षी सुरू होते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी रुग्णांचा थोडा परिचय करून दिला जात असला, तरी त्याची नियमित पोस्टिंग दुसऱ्या टप्प्यात सुरू होते. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डात अधिक रुळलेल्या असतात. त्याचा उपयोग करा. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक संपूर्ण पाळी, एका पाळीच्या हस्तांतरापासून पुढच्या पाळीच्या हस्तांतरापर्यंत, नर्सिंगच्या विद्यार्थिनीसोबत आणि परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेच्या, देखरेखीखाली काढावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याने औषधे द्यायला मदत करावी, कूस बदलावी, चादर बदलावी, आणि तीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोनच परिचारिका असतात तेव्हा ‘दर दोन तासांनी’ हे तीन शब्द केस पेपरवर लिहिण्याचा अर्थ काय होतो ते अनुभवावे. उलट, नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी निवासी डॉक्टरांसोबत राऊंडची तयारी पाहावी; एकेका निदानामागे किती शंका आणि किती जागरण असते हे त्यांनाही दिसले पाहिजे.

आता त्या गप्प झालेल्या मुलीकडे वळतो. तिने जे पाहिले ते अचूक होते. पक्षाघातानंतर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे पाणीसुद्धा देऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. पाण्यानंतर लागणारा ठसका आणि घोगरा झालेला आवाज ही पाणी श्वासनलिकेकडे जात असल्याची पाठ्यपुस्तकातली चिन्हे आहेत. काही रुग्णांत ठसका न लागताही पाणी फुप्फुसात जाते, म्हणून ज्याला ठसका लागतो त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अधिकच गंभीर आहे. हे सर्व तिला तुम्ही अद्याप सांगितले नसेल, तर हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच सांगा. शक्य असेल तर मेडिसिनच्या एखाद्या प्राध्यापकांकडून तिला ते ऐकवा. तुमच्या तोंडून ती सांत्वना वाटेल. त्यांच्या तोंडून तो तिच्या निरीक्षणाला मिळालेला दाखला ठरेल.

बोलण्याची एक पद्धतही शिकवता येते. अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर निरोप देण्यासाठी वापरली जाणारी चार पायऱ्यांची रीत कैसर पर्मनेन्टे या रुग्णालयसमूहाने आरोग्यसेवेत आणली, आणि ती आता जगभर शिकवली जाते. आधी सध्याची स्थिती, मग थोडक्यात पार्श्वभूमी, नंतर आपला अंदाज आणि शेवटी नेमकी विनंती, असा तिचा क्रम आहे. तुमच्या विद्यार्थिनीने ती वापरली असती तर ती म्हणाली असती: “सर, खाट क्रमांक सातच्या रुग्णाला पाणी पिताना तीनदा ठसका लागला आणि आवाज घोगरा झाला. काल उजव्या बाजूचा पक्षाघात होऊन ते दाखल झाले आहेत. गिळण्याची तपासणी झाल्याची नोंद नाही. पाणी श्वासनलिकेत जात असावे असे मला वाटते. तोंडावाटे देणे थांबवून तुम्ही आत्ता येऊन पाहावे, अशी विनंती आहे.” यातील शेवटची दोन वाक्ये आपल्याकडे नर्सिंगच्या मुलींना सहसा शिकवलीच जात नाहीत. अंदाज व्यक्त करणे हे आपले काम नव्हे, असेच त्यांच्या मनावर बिंबवलेले असते. ती दोन वाक्ये मोठ्याने म्हणण्याचा सराव करून घ्या.

मात्र बोलण्याचे शिक्षण एकट्या नर्सिंगच्या मुलींना देऊन थांबलात, तर तुम्ही त्यांच्यावर अन्याय कराल. ऐकण्याचे शिक्षण इंटर्नला तितकेच द्यावे लागेल: ऐकलेले परत उच्चारून खात्री करणे, जाऊन पाहणे, आणि पाहिल्यावर काय ठरवले ते सांगणाऱ्या व्यक्तीला कळवणे. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू अधिक होत असल्याचे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन वारंवार सांगत होते. ते तर डॉक्टरच होते, आकडेही त्यांच्याकडे होते, तरीही त्यांचे ऐकले गेले नाही. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असे त्यात म्हटले आहे. आणि वैद्यकीय, नर्सिंग व इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवावे, ही त्या अहवालाची एक महत्त्वाची शिफारस होती. सांगणारा कितीही नेमके बोलला तरी ऐकणारी व्यवस्था नसेल तर काय होते, हे तुमच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणावरून अभ्यासावे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीयादीचा इतिहासही त्यांच्यासमोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ही यादी आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी थांबून ठरावीक गोष्टी मोठ्याने तपासायच्या, आणि छेदापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगायची. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. पुढे २०१४ साली कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांची आकडेवारी आली, तेव्हा मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. या विरोधाची कारणे अनेकांनी अनेक प्रकारे मांडली आहेत. माझ्या मते, यादीवर खुणा करणे आणि एकमेकांशी बोलणे यांत जे अंतर आहे ते हुकूम काढून बुजत नाही. तुमचा संयुक्त उपक्रमही ‘झाला’ अशी खूण करण्यापुरता उरू नये, यासाठी ही दोन्ही उदाहरणे मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि सर्वांत अवघड काम तिथेच आहे. “तू बीपी घे” असे म्हणणारा इंटर्न ते वाक्य कुठून तरी शिकला आहे. राऊंडवर प्राध्यापक परिसेविकेकडे पाहतात तेव्हा काही विचारण्यासाठी पाहतात की काही आणून देण्यासाठी, हे विद्यार्थी रोज पाहत असतात, आणि अभ्यासक्रमात काहीही छापलेले असले तरी ते हेच शिकतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांची बैठक घ्या. सर्वांची नको. मेडिसिन विभागातील एकच असा प्राध्यापक शोधा, जो आजही परिसेविकेला विचारल्याशिवाय रुग्णाला घरी सोडत नाही. असा एक तरी प्रत्येक रुग्णालयात असतो, आणि तो कोण हे वॉर्डातल्या परिचारिका तुम्हाला क्षणात सांगतील. प्रत्येक सत्राला दोन शाखांचे दोन शिक्षक उभे राहावेत, समारोप आळीपाळीने करावा, आणि नर्सिंगच्या शिक्षिकेने मांडलेला मुद्दा डॉक्टरांनी पुन्हा सांगून ‘प्रमाणित’ करू नये. या शेवटच्या गोष्टीबद्दल आधीच मोकळेपणाने बोलून ठेवा, कारण ती चांगल्या मनाच्या माणसांकडूनही नकळत घडते.

अधिष्ठात्यांशी (डीनशी) बोलताना नियमांचा आधार घ्या. तो आता तुमच्या बाजूने आहे. २०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात पदवीधर डॉक्टरने आरोग्यसंघाचा नेता असण्याबरोबर त्या संघाचा सदस्यही असावे, असे उद्दिष्ट स्पष्टपणे लिहिले आहे, आणि वृत्ती, नीती व संवाद यांसाठीचे वेगळे अध्ययनघटकही त्यात आहेत. फिजिओथेरपीसह अनेक शाखांसाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. तुमची तिन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतील, तर एकाच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकण्यास तात्त्विक अडथळा नाही. अडथळा आहे तो वेळापत्रकांचा: परीक्षा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, पोस्टिंगच्या वेळा वेगळ्या. त्यासाठी नवे तास मागू नका. ते मिळणार नाहीत आणि तुमचे वर्ष पत्रव्यवहारात जाईल. तिन्ही शाखांचे विद्यार्थी मेडिसिनच्या वॉर्डात एकाच वेळी उपस्थित असतात अशी आठवड्यातली एखादी वेळ शोधा आणि तीच वापरा. पहिल्या सत्रात तीन गट म्हणजे अठरा विद्यार्थी पुरेत.

पुढे कुठवर जाता येते हे पाहायचे असेल तर स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाकडे पाहावे. तेथे १९८६ सालापासून विविध आरोग्यशाखांचे विद्यार्थी काही भाग एकत्र शिकतात, आणि १९९६ साली तेथे असा वॉर्ड सुरू झाला, जो शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचा मिश्र संघच चालवतो. आपल्या देशात मणिपालच्या विद्यापीठाने या विषयातील शिक्षक-प्रशिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला आहे. संस्थेने तुम्हाला आणि तुमच्या मेडिसिनच्या सहकाऱ्याला तिथे जोडीने पाठवावे, अशी मागणी करायला हरकत नाही. आणि जामखेड तर आपल्या राज्यातच आहे. रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले आणि गावातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याच्या कामात बरोबरीची जागा दिली. डॉक्टर आणि परिचारिका गावात गेले की आधी त्या बाईचे ऐकत. तिच्या शब्दाला वजन आहे हे गावाने पाहिले, म्हणून गावाने ते मानले. विद्यार्थ्यांचा संयुक्त गट तिथे नेता आला तर अवश्य न्या. तोपर्यंत, तुमच्या वॉर्डातील मावशी आणि मामांना चर्चेत एकदा तरी बोलवा. रुग्णाने रात्री काही खाल्ले का, तो कोणाशी बोलला का, हे त्यांना सर्वांआधी ठाऊक असते.

मूल्यमापनाबद्दल फार लिहीत नाही. वेगळी लेखी परीक्षा घेऊ नका. ती घेतली की विद्यार्थी पुन्हा आपापल्या वसतिगृहात जाऊन पाठांतर करतील. सहा जणांनी मिळून लिहिलेला शुश्रूषा-आराखडा आणि रुग्णाला घरी सोडतानाचे संयुक्त टिपण यांना गटाचे म्हणून एकच गुण द्या. प्रत्येकाच्या लॉगबुकात एक प्रश्न ठेवा: या रुग्णाबद्दल दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याकडून तुम्हाला असे काय कळले, ज्यामुळे तुमचा निर्णय बदलला? उत्तर रिकामे असेल तर सत्राची आखणी तपासा. आणि काही महिन्यांनी परिसेविकेला विचारा की मुलांच्या वागण्यात फरक दिसतो का. तिचे मत मी कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक मानेन.

अधिष्ठात्यांना आकड्यांची आश्वासने मात्र देऊ नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आंतरव्यावसायिक शिक्षणावरील २०१३ सालच्या पद्धतशीर आढाव्यात निकषांत बसणारे अवघे १५ अभ्यास सापडले. त्यांपैकी सात अभ्यासांत चांगले परिणाम दिसले, चारांत संमिश्र दिसले आणि चारांत काहीच फरक आढळला नाही. ‘या उपक्रमाने आमच्या रुग्णालयातील मृत्यू कमी होतील’ असे तुम्ही लिहून दिलेत आणि वर्षभरात तसे दिसले नाही, तर उपक्रमच बंद होईल. तुम्ही एवढेच लिहा, की मेडिसिनच्या वॉर्डात दाखल होणाऱ्या पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची गिळण्याची तपासणी तोंडावाटे काही देण्यापूर्वी व्हावी, तिची नोंद केस पेपरवर असावी, आणि तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून त्या नोंदीचा पाठपुरावा करावा. हे मोजता येते, साध्य होण्यासारखे आहे आणि यासाठी कोणालाही नवा निधी लागत नाही. गिळण्याची सविस्तर तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे कठीण असते, पण खाटेजवळची प्राथमिक तपासणी प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला करता येते. हे प्रशिक्षण आधी परिसेविकेला, मग अधिपरिचारिकांना आणि त्यांच्याकडून तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना मिळावे, अशी आखणी करा. म्हणजे एमबीबीएसचा विद्यार्थी वॉर्डातले पहिले संयुक्त कौशल्य परिचारिकेकडून शिकेल.

त्या पहिल्या तुकडीत तुमच्या त्या विद्यार्थिनीला घ्या. तिची संमती असेल तरच तिचा अनुभव चर्चेत आणा, आणि तो आणायचाच असेल तर इंटर्नचे नाव न घेता आणा. त्या इंटर्नशी त्याच्या विभागातील वरिष्ठांनी स्वतंत्रपणे, शांतपणे बोलावे, यासाठी तुम्ही मेडिसिनच्या विभागप्रमुखांना येत्या आठवड्यातच भेटा. तक्रार म्हणून नको. पक्षाघाताच्या रुग्णांच्या गिळण्याच्या तपासणीचा प्रस्ताव सोबत घेऊन भेटा, आणि जाताना परिसेविकेला बरोबर न्या.